मुस्तफाच्या पेटीची डागडुजी

जुनं व्हिडिओ गेमचं मशीन विकत घ्यायचंय असं कुणी म्हणालं, की मी आधी एकच विचारतो : पिक्चर ट्यूबची मान शाबूत आहे का? ट्यूबच्या मागच्या निमुळत्या काचेवर तांब्याच्या तारांचं योक बसवलेलं असतं. तांब्याला भाव आहे आणि ट्यूबला नाही, म्हणून भंगारात हातोडीच्या एका टोल्यात मान उडवतात आणि योक काढून घेतात. मान मोडली की आत हवा शिरली, आणि ती ट्यूब कायमची गेली. प्लायवूड नवं मिळतं, बटणं नवी मिळतात, पॉवर सप्लाय तर कुठेही मिळतो. रंगीत पिक्चर ट्यूब मात्र आता कुठल्याही दुकानात नवी मिळत नाही.

मी इचलकरंजीत टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. गल्लोगल्ली यंत्रमाग चालणारं हे गाव. नव्वदच्या दशकात पाळी सुटली की गेम पार्लरमध्ये कामगारांची आणि पोरांची झुंबड उडायची. पार्लरवाल्याचा निरोप आला की बॅग उचलून मीच जायचो, कारण गेमची पेटी चार माणसांशिवाय जागची हलत नसे. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले, आणि पार्लरं एकेक करून बंद पडली. पेट्या माळ्यावर आणि गोदामात जाऊन पडल्या. अशीच एक माझ्या पुतण्याला बंद पडलेल्या मागशेडमध्ये सापडली. घरात लावायची म्हणून तो ती टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आला. ती कशी उभी केली ते सविस्तर लिहितो आहे. अशा पेट्या आपल्या गावांतून अजून पडून आहेत, आणि हौशी माणसाच्या हाती लागली की पहिल्याच दिवशी तिच्यातलं सर्वांत मोलाचं उचकटून फेकलं जातं. हे मला बघवत नाही.

हा धंदा जगात वाढला तो १९७२ साली अटारी कंपनीच्या ‘पाँग’पासून. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. त्यातले परग्रहावरचे शत्रू मारत जावं तसे उरलेले जोरात धावू लागतात. पडद्यावरचे शत्रू कमी झाले की आतल्या ८०८० प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि खेळाचा वेग आपोआप वाढायचा. यंत्राची मर्यादाच खेळाचा थरार होऊन बसली. १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ आला, १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’. आणि १९९३ मध्ये कॅपकॉमने ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ काढला. हे नाव आमच्या पार्लरमध्ये कुणीही कधी उच्चारलं नाही. त्यातला पिवळी टोपी घातलेला, धावत येऊन लाथ हाणणारा मुस्तफा सगळ्यांचा लाडका, म्हणून खेळच ‘मुस्तफा’ झाला. पुतण्याच्या पेटीत हेच बोर्ड होतं. कॅपकॉमचं मूळ नव्हे, उतरवलेली प्रत. त्या काळी अशी बोर्डं सर्रास फिरत.

माझ्या हाताखालून गेलेल्या पेट्यांपैकी जवळपास सगळ्या इथेच बनलेल्या होत्या. बाहेरून यायचं ते फक्त गेमचं बोर्ड. पेटी गावातल्या सुताराची, वर सनमायका, जॉयस्टिकची पत्र्याची पट्टी फॅब्रिकेशनवाल्याची, बाजूची चित्रं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची. आणि आत मॉनिटर म्हणून चक्क टीव्हीची ट्यूब आणि टीव्हीचीच किट. हे जमायचं कसं, तर आपला टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा काढतो आणि गेमचं बोर्ड साधारण १५,७०० मागतं. एवढा फरक किट सांभाळून घेते. उभ्या दिशेला मात्र अडचण व्हायची. टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा भरणारा आणि गेम ६० वेळा, त्यामुळे चित्र पडद्यावरून वर वर पळत राहायचं. मग व्हर्टिकल होल्ड फिरवून ते थांबवायचं, हाइट वाढवून पडदा भरायचा, आणि अँटेनाचा सगळा भाग वगळून लाल, हिरवा, निळा हे तीन सिग्नल थेट ट्यूबच्या मागच्या पाटीवर न्यायचे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. एका मेकॅनिकने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. ही पेटी मला जपानी खेळण्यापेक्षा आपल्या गावाच्या कारागिरीचा नमुना वाटते, आणि तसं मानूनच तिला हात लावायला हवा.

पुतण्याचा बेत वेगळा होता. “काका, ट्यूब काढून टाकू. सपाट एलसीडी लावू, एक छोटा कॉम्प्युटर आत टाकू, हजार गेम येतील. रविवारी काम खलास.”

मी त्याला आकडेमोड करून दाखवली. मुस्तफाचं चित्र ३८४ ठिपके रुंद आणि २२४ रेषा उंच असतं. आजचा साधा एलसीडी १,०८० रेषांचा. १,०८० ला २२४ ने भागलं तर पावणेपाचाच्या जरा वर उत्तर येतं, पूर्णांक येत नाही. म्हणजे मूळची एक रेष कुठे चार रेषांची होणार, कुठे पाचाची, नाहीतर कडा धूसर करून ती तफावत झाकावी लागणार. ट्यूबला ठरावीक ठिपकेच नसतात. इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडेल तिथे ती उजळते, आणि दोन रेषांच्या मधली बारीक काळी फट चित्राला धार देते. चित्रकारांनी ही चित्रं काढली तीच अशा काचेसाठी. शिवाय काही एलसीडी चित्र दाखवायला थोडा वेळ घेतात. सिनेमा बघताना तो कळत नाही. लाथ मारताना कळतो.

मग आमच्यात एक नियम ठरला. जे बसवू ते नंतर कुणालाही परत काढता आलं पाहिजे. जुन्या लाकडाला नवं भोक नाही, जुनी वायर कापायची नाही. पुतण्याला तो पटला, आणि पुढचं सगळं काम या एका नियमावर चाललं.

लाकडाचं काम सुतारमिस्त्रींनी केलं. मागशेडच्या ओलीने पेटीचा तळ फुगला होता आणि एका कोपऱ्यात वाळवी लागली होती. मिस्त्रींनी तेवढाच पट्टा सरळ रेषेत कापून १९ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय जोडलं, आतून पट्टी दिली आणि वाळवीचं औषध मारलं. लादीचा ओला पोछा परत लाकडाला लागू नये म्हणून खाली पाय बसवले. बाजूला पेंटरने रंगवलेला पहिलवान आहे. तो कुठल्याच गेममधला नाही, त्याच्या मनातला आहे. दंडावर ताईत आणि अंगावर लाल लंगोट. तो आम्ही साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसला, थिनरची बाटली जवळही आणली नाही. जिथे रंग उडालाय तिथे उडालेलाच ठेवला. बटणांच्या पट्टीवर विडीचे डाग आहेत, तेही आहेत तसेच.

आता ट्यूब. इथे वाचकांना हात जोडून सांगतो, हे काम स्वतः करू नका, टीव्हीच्या जुन्या मेकॅनिककडून करून घ्या. मशीन बंद असलं, पिन काढलेली असली, तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. चालू असताना तर रंगीत ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. ट्यूबच्या पाठीला काळा ग्रॅफाइटचा लेप असतो आणि त्यावरून विणलेली उघडी तार गेलेली असते, ती ग्राउंड. मी लांब दांड्याच्या चपट्या पेचकसाला एक वायर बांधतो, तिचं दुसरं टोक त्या विणलेल्या तारेला चिमट्याने पकडवतो. डावा हात पाठीमागे. उजव्या हाताने पेचकसाचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवत न्यायचं, आतली धातूची क्लिप लागेपर्यंत. कधी टिक् असा आवाज होतो, कधी काहीच होत नाही. थोडा वेळ थांबून परत एकदा तेच करायचं, कारण काच थोडा चार्ज धरून ठेवते आणि तो पुन्हा वर येतो. मगच टोपी काढायची.

किट बाहेर काढून उजेडात धरली, तेव्हा ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चिरा दिसल्या. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. जड भाग तापतो, निवतो, हादरतो आणि वर्षानुवर्षांनी पाय सोल्डरमधून सुटा होतो. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं, आत ठिणगी पडत असते. योकच्या कनेक्टरचंही तेच झालं होतं. सगळे पाय नव्याने सोल्डर केले. मग इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. यांच्या आत रसायनात भिजलेला कागद असतो आणि उष्णतेने तो वाळतो. चित्र उंचीला आखडलं, वरच्या कडेला दुमडलं, बाजूने लाटेसारखं हललं, तर बहुतेक वेळा दोष यांचाच. जुने ८५ डिग्रीचे काढून त्याच मूल्याचे १०५ डिग्रीचे घातले. धन-ऋण बाजू दोनदा तपासायची, उलटा लागला तर तो फुटतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक बघतात. जुन्या टीव्हीच्या काही किटचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असतं. टीव्हीत ते चालून जायचं, कारण सगळं प्लास्टिकच्या आत बंद. गेमच्या पेटीत मात्र तेच ग्राउंड बोर्डातून बटणांच्या पत्र्याच्या पट्टीपर्यंत पोचतं, जिथे मुलाचे हात असतात. म्हणून मॉनिटरला वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि पत्र्याला भिंतीच्या अर्थिंगची हिरवी वायर. या पेटीत दोन्ही नव्हतं. घरात मशीन ठेवायचं तर यात तडजोड नाही.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बोर्डावर. म्हणजे मशीनच्या वाटेत १०० वॉटचा साधा दिवा घालायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि किट वाचते. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. दिवा मंदावला, आणि थोड्या वेळाने काचेत हिरवट उजेड आला. बंद पडद्यावर तिरकं बघितलं तर एका जागी ‘इन्सर्ट कॉइन’ ही अक्षरं कायमची उमटलेली दिसतात. एकच चित्र सतत दिसत राहिलं की तिथला फॉस्फर जळतो. पुतण्याने विचारलं, हे घालवता येईल का? येत नाही. यावं असं मलाही वाटत नाही.

या यंत्रांमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे जामा. जपानमधल्या या धंद्यातल्या उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये बोर्डाचा कनेक्टर एकसारखा ठरवला, आणि संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला जामा म्हणू लागले. एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, असे ५६ संपर्क. वीज, चित्र, आवाज, दोन्ही खेळाडूंच्या दांड्या आणि बटणं, नाण्याचा स्विच, सगळं यातूनच. पार्लरवाला जुनं बोर्ड ओढून काढायचा, नवं खोचायचा, आणि त्याच पेटीत दुसरा खेळ सुरू व्हायचा. बटणांची जोडणी तर इतकी सोपी की शाळेतल्या मुलालाही समजावी : बटण दाबलं की ती वायर ग्राउंडला टेकते, आणि बोर्डाला कळतं.

मुस्तफाचं बोर्ड मधूनच रीसेट होत होतं. असं झालं की लोक बोर्ड गेलं म्हणून फेकतात. आधी मीटर लावावा, आणि तोही पॉवर सप्लायवर लावू नये, बोर्डावरच्या आयसीच्या पायावर लावावा. सप्लायवर ५ व्होल्ट पूर्ण दिसत होते, बोर्डावर ४.७ च्या खाली. मधले व्होल्ट बारीक वायरीत आणि काळ्या पडलेल्या संपर्कांत जिरत होते. या जातीच्या आयसींना ४.७५ ते ५.२५ एवढ्यातच काम करता येतं. बोर्डाची कड खोडरबरने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, ५ व्होल्टसाठी जाड वायरीची जादा जोडी दिली आणि सप्लायचा छोटा स्क्रू फिरवून बोर्डावर बरोबर ५ आणले. तेव्हापासून ते एकदाही रीसेट झालेलं नाही.

मग पुतण्याने ‘स्ट्रीट फायटर टू’चं मूळ बोर्ड विकत घेतलं. जामामध्ये एका खेळाडूला तीन बटणांची सोय, आणि या खेळाला लागतात सहा, तीन गुद्द्यांची आणि तीन लाथांची. लाथांच्या वायरी बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरमधून येतात. जुन्या पट्टीला भोकं पाडायची नाहीत हे ठरलेलंच होतं. त्यामुळे त्याच मापाची दुसरी पट्टी करून घेतली, तिच्यात ३० मिलिमीटरची जपानी बटणं बसवली, आणि विडीचे डाग असलेली जुनी पट्टी पेटीच्या आत मागच्या बाजूला चार स्क्रूंवर टांगून ठेवली. मुस्तफा खेळायचा असला की तीच पुढे येते. जॉयस्टिक जुन्याच ठेवल्या, फक्त खालचे चार-चार मायक्रोस्विच बदलले. दांडी हलवल्यावर येणारा तो टकटक आवाज यांचाच.

कॅपकॉमची बोर्डं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९९३ पासूनच्या सीपीएस-टू या पिढीतल्या बोर्डांत खेळ कुलूपबंद केलेला असतो आणि त्याची किल्ली बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुकं होतं. अलीकडे जाणकारांनी किल्ली परत भरण्याची रीत शोधली आहे. तरी विकत घेण्याआधी बोर्ड चालू करून बघावं.

नाण्याचं दार आहे तसंच आहे. त्यातली खाच जुन्या, २५ मिलिमीटर रुंदीच्या स्टीलच्या रुपयासाठी केलेली. २०११ नंतरचा रुपया २२ मिलिमीटरचा, तो आत टाकला की खालच्या वाटीत परत येतो. पुतण्याने जुने रुपये शोधून एका वाडग्यात भरून ठेवलेत. दाराच्या आतल्या बाजूला एक छोटं बटणही दिलं आहे, दाबलं की एक डाव जमा.

ज्यांच्याकडे बोर्ड नाही त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे. त्याला जामाचा कनेक्टर आणि ट्यूबला झेपणारा १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देणारं जोडबोर्ड मिळतं, म्हणजे पेटीतली एकही वायर न कापता तो गेमच्या बोर्डाच्या जागी बसतो. आत चालतो तो मेम हा प्रोग्राम. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला. जुन्या यंत्रांचं काम नेमकं कसं चालायचं ते नोंदवून ठेवावं, हा त्यामागचा हेतू, आणि २०१६ पासून तो मुक्त सॉफ्टवेअर आहे. प्रोग्राम मुक्त असला तरी खेळ मुक्त नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. ‘हजार गेम भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून मेमरी कार्ड घेणं मला मान्य नाही. ‘रॉबी रोटो’सारखे थोडे खेळ हक्कदारांनी घरगुती वापरासाठी मोकळे केले आहेत, ते घालावेत. कॅपकॉमसारख्या कंपन्यांचे जुन्या खेळांचे संग्रह विकत मिळतात, ते कॉम्प्युटरवर खेळावेत. ज्याला मुस्तफा हवा त्याची मात्र पंचाईत आहे. तो मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून बेतलेला, आणि घरच्या यंत्रावर तो कधी आलाच नाही. म्हणूनही कुठे जुन्या पेटीत ते बोर्ड दिसलं तर ते फेकू नका, एवढं मी कळकळीने सांगतो.

पेटी आता पुतण्याच्या हॉलमध्ये आहे, भिंतीपासून वीतभर पुढे, मागून हवा खेळावी म्हणून. पावसाळ्यात दर आठवड्याला थोडा वेळ तरी चालू ठेवा असं मी बजावलंय, म्हणजे किटमधली ओल निघून जाते. मागच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली सूनबाईंच्या ताब्यात. आठ टप्प्यांच्या मुस्तफामध्ये पुतण्या अजून पाचव्यात अडकतो. सूनबाई सातव्यात पोचल्या आहेत, आणि मागच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, “काका, डाव्या बाजूच्या उडीचं बटण जरा उशिरा लागतंय, स्विच बघता का?” बघितला. पत्ती झिजली होती, बदलून दिली.